हिरव्या रेषेचा भरवसा

नेटवर्कचा नकाशा पडद्यावर हिरवागार दिसतो म्हणून नेटवर्क धडधाकट आहे, हा आपल्या कामातला सर्वांत महागात पडणारा समज आहे, असे माझे अनुभवांती ठाम मत झाले आहे. मायक्रोटिकचे ‘द ड्यूड’ घ्या किंवा देखरेखीचे दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर, नकाशावर राउटरची खोकी असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. खोक्याचा रंग मोजमापातून येतो. ड्यूडमध्ये तपासायला दिलेल्या सगळ्या सेवांनी उत्तर दिले की ते हिरवे, काही गप्प राहिल्या की नारिंगी, सगळ्याच गप्प झाल्या की लाल. रेष मात्र पुष्कळदा आपणच माउसने ओढून ठेवलेली असते. ती कोणत्या राउटरच्या कोणत्या इंटरफेसवरची, हे सांगितलेले नसेल तर ती नुसते चित्र आहे. दोन्ही खोकी हिरवी, तेव्हा मधली लिंकही ठीक, असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. लिंकची खबर लिंकलाच विचारायला हवी.

समजा, सांगली, मिरज आणि तासगाव इथले तीन राउटर त्रिकोणात जोडलेले आहेत आणि त्यांच्यात ओएसपीएफ चालू आहे. सांगली-मिरज लिंक पडली. नेहमीच्या सेटिंगमध्ये ओएसपीएफ दर 10 सेकंदांनी हॅलो पाठवते आणि 40 सेकंद समोरून हॅलो आला नाही की शेजारी गेला असे मानते. मग सगळी वाहतूक तासगावमार्गे वळते. पर्यायी मार्ग आपण त्यासाठीच केलेला असतो. पण सांगलीतला देखरेखीचा सर्व्हर मिरजेच्या राउटरच्या लूपबॅक पत्त्याला पिंग करतो, तेव्हा ते पिंगही तासगावहून वळसा घालून जाते आणि उत्तर घेऊन येते. खोके हिरवेच राहते, ग्राहकाची तक्रार येत नाही, कोणी दुरुस्तीला जात नाही. तासगावची लिंक ज्या दिवशी पडते, त्या दिवशी मिरज एकदम तुटते आणि पहिली लिंक आधीपासूनच मेलेली होती हे तेव्हा उघडकीला येते. पर्यायी मार्ग असलेल्या नेटवर्कात नुसते पिंग दोष झाकते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून ड्यूडच्या नकाशात लिंक जोडताना तिचा प्रकार साधा न ठेवता एसएनएमपी किंवा राउटरओएस निवडावा आणि नेमका इंटरफेस द्यावा. एसएनएमपीत इंटरफेसची चालू अवस्था आकड्याने कळते: 1 म्हणजे सुरू, 2 म्हणजे बंद. मात्र वायरलेस लिंकवर तेवढ्याने भागत नाही. राउटरची केबल छतावरच्या रेडिओत गेलेली असते. समोरच्या टॉवरवरचा रेडिओ बंद पडला तरी आपल्या रेडिओला वीज आहे, केबल शाबूत आहे, त्यामुळे पोर्ट 1 च सांगत राहतो. अशा ठिकाणी दोन्ही रेडिओंची सिग्नल पातळी पाहावी आणि त्या इंटरफेसवरचा ओएसपीएफ शेजारी ‘फुल’ अवस्थेत आहे का, हेही तपासावे. पॅकेट त्याच लिंकवरून जाऊन येत असतील तरच तो शेजारी टिकतो, म्हणून ही साक्ष पिंगपेक्षा भरवशाची.

आकड्यांनाही असेच पारखून घ्यावे लागते. इंटरफेसचा जुना बाइट-मोजणी काउंटर 32 बिटांचा आहे. 1 गिगाबिटची लिंक भरून वाहत असेल तर तो सुमारे 34 सेकंदांत पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर येतो. 5 मिनिटांनी वाचणाऱ्याला मधले फेरे दिसतच नाहीत आणि आलेख खोटा निघतो. म्हणून 64 बिटांचा काउंटर वापरावा. सरासरीचेही तसेच. 100 मेगाबिटची लिंक एक मिनिट तुडुंब भरली आणि उरलेली चार मिनिटे 20 वर राहिली, तर 5 मिनिटांची सरासरी येते 36. आलेख पाहणाऱ्याला लिंक मोकळी वाटते आणि ग्राहकाचा व्हिडिओ कॉल तुटलेला असतो.

यावर काही आक्षेप येतात. एसएनएमपीने राउटरवर भार येतो, असे म्हणतात. छोट्या राउटरचा अख्खा तक्ता वारंवार वाचला तर येतो, हे खरे. मोजक्या इंटरफेसचे मोजके आकडे विचारले तर भार नगण्य असतो. सुरक्षेची शंकाही रास्त आहे. तेव्हा ‘पब्लिक’ हे कम्युनिटी नाव बदलावे, फक्त देखरेखीच्या सर्व्हरलाच परवानगी द्यावी, जमेल तिथे तिसरी आवृत्ती वापरावी. इशाऱ्यांचा पाऊस पडला की ते कोणी वाचत नाही, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. त्यावर उपाय असा: कोणता राउटर कोणाच्या मागे आहे हे नकाशात नोंदवावे, म्हणजे एक टॉवर गेल्यावर त्यामागच्या वीस खोक्यांचे वीस इशारे येणार नाहीत. ज्यांच्या नेटवर्कला पर्यायी मार्गच नाही त्यांचे पिंगवर बरेचसे भागते, हेही मी मान्य करतो. पण दुसरी लिंक टाकली की त्याच दिवशी देखरेखही बदलायला हवी.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. नकाशा तयार झाला की पूर्वसूचना देऊन, रात्रीच्या शांत वेळी एकेक लिंक हाताने बंद करा आणि तीच रेष लाल होते का ते पाहा. जी रेष लाल झालेली तुम्ही एकदाही पाहिली नाही, तिच्या हिरव्या रंगावर विसंबू नका.