गांधीलमाशीचे रिकामे पोळे

बुलढाण्याहून खामगावास जाताना बोथ्याचे रान लागते. साग, सालई, धावडा व अंजन ह्यांचे हे अरण्य १९९७ सालापासून ज्ञानगंगा अभयारण्यात मोडते. त्याचा विस्तार सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. पावसाळा सरून गवत पिवळे पडले, म्हणजे ह्या भागातील झुडपांआड दडलेली गांधीलमाशांची पोळी दृष्टीस पडू लागतात. अभयारण्यातील वस्तू परवानगीवाचून काढून नेण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. म्हणून पोळे घरी न आणता त्याचे छायाचित्र घ्यावे. ते कसे घ्यावे व त्यावरून काय शिकावे, हा आजचा पाठ होय.

१. पोळे कशाचे असते? मधमाशीचे पोळे मेणाचे, तर गांधीलमाशीचे कागदाचे असते. ही माशी वाळलेल्या लाकडाचे तंतू खरवडते, लाळेत कालवून त्यांचा लगदा करते, आणि त्याचे पातळ थर लावून षट्कोनी घरे बांधते. सारे पोळे एका बारीक देठावर टांगलेले असते. देठास ती असा द्रव चोळते की मुंग्या त्यावरून येण्यास कचरतात. पूर्वी कागद चिंध्यांपासून होत असे. लाकडापासूनही तो होऊ शकेल, असे फ्रेंच विद्वान रेओम्यूर ह्याने १७१९ साली ह्याच माशांचे काम पाहून सुचविले.

२. पोळे खरोखर रिकामे आहे काय? थंड देशांत हिवाळ्यापूर्वी बहुतेक माशा मरतात, फक्त नव्या राण्या उरतात; तेथे शरद ऋतूनंतरचे पोळे रिकामे समजण्यास हरकत नसते. आपल्याकडे तसे नाही. दक्षिण भारतातील एका सामान्य जातीचा अभ्यास बंगळूरचे शास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकर ह्यांनी अनेक वर्षे केला. ती जात वर्षभर पोळी बांधते. केवळ महिना पाहून निर्णय करणे धोक्याचे आहे.

प्रस्तुत लेखकाने ही चूक केली. कार्तिकातील एका थंडगार सकाळी शेताच्या बांधावर एक पोळे निश्चल दिसले. देठ नीट दिसावा म्हणून फांदी वाकविण्यास हात पुढे केला, तोच सोबतच्या वृद्ध गुराख्याने मनगट धरले व म्हटले, “साहेब, आधी मागून पाहा.” पोळ्याच्या पाठीस पाच-सहा माशा थंडीने आखडून बसल्या होत्या. यास्तव ऊन तापल्यावर, दहा-बारा पावलांवरून, निदान अर्धा तास सर्व बाजूंनी पाहावे. दंशाने पूर्वी ज्यास अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास कोंडला, त्याने जवळ जाऊच नये.

३. छायाचित्र कसे घ्यावे? खालून, आकाशाकडे रोख धरून घेतल्यास पोळे काळे उमटते. तिरपे ऊन असता बाजूने घ्यावे. एक चित्र दुरून, एक घरांच्या तोंडाचे, एक देठाचे, अशी तीन घ्यावी. स्थळ व तारीख लिहून ठेवावी.

४. चित्र कसे वाचावे? ज्या घराच्या तोंडाशी रेशमी झाकणाची कड उरली आहे, तेथून पूर्ण वाढलेली माशी बाहेर पडली असे समजावे. झाकण शाबूत असल्यास आत कोश असू शकतो. ते पोळे रिकामे म्हणू नये.

ह्या माशा आपल्या पिलांस अळ्या चावून भरवितात. म्हणजे पिकांवरील अळ्या खाणारे हे सैन्य आपण फुकट राखतो. दारावर किंवा मुलांच्या वाटेवर पोळे असेल तर जाणत्याकडून ते काढवावे. परंतु बांधावरील पोळे उगाच जाळू नये.

अभ्यासाचे प्रश्न : (१) मधमाशीच्या व गांधीलमाशीच्या पोळ्यांत भेद कोणता? (२) सकाळच्या थंडीत पोळे पाहून निर्णय का करू नये? (३) आपल्या गावी कोणती पोळी राखता येतील?