जुन्या मोटारीसाठी कूलंटची निवड
जामसांवलीहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानी घाटाची चढण लागते. उन्हाळ्यात तेथे जुन्या मोटारीच्या रेडिएटरची खरी परीक्षा होते. विहिरीचे जड पाणी भरल्यास क्षारांचा थर साचून नळ्या चोंदतात. म्हणून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी व इथिलीन ग्लायकॉलयुक्त कूलंट समभाग घ्यावे. पितळी रेडिएटरमधील शिशाच्या डाकास काही नवी, सेंद्रिय आम्लयुक्त कूलंटे मानवत नाहीत. तेथे जुन्या पद्धतीचे सिलिकेटयुक्त कूलंटच इष्ट. ते सुमारे दोन वर्षांनी बदलावे. रंगावरून निवड करू नये. रंग ही केवळ उत्पादकाची मर्जी. दोन प्रकार मिसळू नयेत. जुने कूलंट काढावयाचे ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. हे द्रव चवीस गोड परंतु विषारी असल्याने गुरांच्या पाणवठ्याजवळ मुळीच ओतू नये.