न खाजणारा, न दुखणारा डाग

प्रश्न : उजव्या कोपराखाली चार-पाच महिन्यांपासून फिकट चट्टा आहे. खाज नाही, दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष केलं. परवा तिथे गरम कढई टेकली. कातडी भाजली, पण मला चटका कळलाच नाही. हा महारोग तर नसेल? मुलीचं लग्न ठरत आलंय. घरात कुणाला सांगितलेलं नाही. धाकट्याला जवळ घ्यायचीही भीती वाटते.
– एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : ताई, चटका कळला नाही हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे झाले. फिकट डाग अनेक कारणांनी येतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, पण त्यावर स्पर्श नेहमीसारखा कळतो. शिब्याचे डाग बुरशीमुळे बहुधा छाती-पाठीवर येतात आणि खरवडले की बारीक कोंडा सुटतो. डागावरची संवेदनाच गेली असेल, तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी करायलाच हवी. याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. डॉक्टर डागावर हलका स्पर्श करून पाहतील, कोपरामागचा मज्जातंतू (संवेदना वाहून नेणारी शीर) जाड झाला आहे का ते चाचपतील आणि गरज वाटली तर त्वचेतील द्रव काचपट्टीवर घेऊन जंतू शोधतील.

निदान तेच निघाले, तरी हा आजार पूर्ण बरा होतो. बहुविध औषधोपचार (एकाहून अधिक जंतुनाशके एकत्र देणे) सरकारी केंद्रांत मोफत मिळतो. तो 6 किंवा 12 महिने चालतो. किती, हे चट्ट्यांची संख्या, मज्जातंतू आणि जंतू पाहून ठरते. रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. याला घाबरून पुष्कळजण गोळ्या मध्येच सोडतात. तसे करू नका. औषध संपल्यावर रंग हळूहळू निवळतो.

धाकट्याला खुशाल कुशीत घ्या. हा आजार मिठी मारल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकटच्या सहवासात, श्वासावाटे तो पसरतो. त्यातही बहुतेकांच्या शरीरात त्याला रोखण्याची ताकद असते. औषध सुरू झाले की संसर्गाचा धोका लवकरच संपतो. घरच्या सर्वांची एकदा तपासणी मात्र करून घ्या. मुलीच्या लग्नाला या आजाराची काहीही आडकाठी नाही. हातपाय वाकडे होतात ते मज्जातंतूंच्या इजेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. म्हणून चट्टा अचानक लाल होऊन सुजला, कोपरात कळा आल्या, करंगळीतली ताकद गेली किंवा डोळा नीट मिटेनासा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गेलेली संवेदना पूर्ण परत येईलच असे नाही, तेव्हा चुलीपाशी हाताला जाड फडके बांधत चला.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या गालांवर फिकट, कोरडे ठिपके आलेत. सगळे म्हणतात कॅल्शियम कमी आहे, जंत झालेत. काय देऊ?

उत्तर : या वयात असे ठिपके बहुधा कोरड्या त्वचेमुळे दिसतात आणि सावकाश आपोआप जातात. खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर पुरे. पाच-सहा महिन्यांत फरक पडला नाही किंवा डाग अगदी पांढरे झाले, तर दाखवा.

प्रश्न : जांघेत गजकर्ण झालंय. दुकानातून आणलेलं मलम लावलं की चार दिवसांत खाज जाते, बंद केलं की दुप्पट पसरतं. आता नवऱ्यालाही झालंय. रक्तातच दोष आहे का?

उत्तर : रक्तात दोष नाही. त्या मलमात बहुधा स्टेरॉइड (दाह दाबणारे औषध) असावे. नळीवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे नाव आहे का पाहा. त्याने खाज शमते, बुरशी मात्र आत वाढत राहते आणि जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे वळ उमटतात. नळी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. दोघांनी एकाच वेळी, सांगितले तितके आठवडे उपचार घ्यावेत. टॉवेल वेगळे ठेवा, कपडे उन्हात वाळवा.

प्रश्न : आई तीस वर्षं मिश्री लावते. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. डॉक्टर तुकडा काढून तपासू म्हणतात. शेजारचे म्हणतात, सुरी लागली की कर्करोग पसरतो.

उत्तर : पुसून न निघणाऱ्या अशा चट्ट्याला ल्यूकोप्लाकिया म्हणतात. बहुतेक चट्टे कर्करोगात बदलत नाहीत, पण कोणता बदलेल हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, म्हणून तुकडा तपासावा लागतो. जागा बधिर करून तो काढतात. त्याने कर्करोग पसरत नाही. तपासणी लांबवल्याने मात्र तो वाढू शकतो. मिश्री सुटली की काही चट्टे ओसरतात. तरी ठरल्या वेळी तोंड दाखवत राहायला हवे. चट्ट्यात लाली किंवा कडकपणा आला, दोन आठवडे न भरणारी जखम झाली, तोंड उघडणे कमी झाले किंवा मानेत गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आईंना मुखरोगतज्ज्ञाकडे न्या.