सकाळी इंजिन खडखडते तेव्हा

गोवंडीत घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याच्या कडेला रात्री पुष्कळ ट्रक उभे असतात. पहाटे ते एकेक सुरू होतात. कोणाला वाशीच्या बाजारात माल पोचवायचा असतो, कोणाला खाडीचा पूल ओलांडून घाट चढायचा असतो. त्यांतला एखादा जुना ट्रक सेल्फ मारताच खडखड करतो, टकटक करतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो. हा थोडा वेळ म्हणजे किती, आणि तेवढ्यात गाडीत काय घडते, त्याचा आजचा धडा आहे.

असा आवाज ऐकून एक मालक म्हणतो, "थांबला ना? मग झाले!" दुसरा घाबरतो आणि गॅरेज गाठतो. तिथे त्याला सांगतात, "इंजिन गेले, शेठ. खोलावे लागेल." दोघेही फसतात. पहिल्याची गाडी एक दिवस भर घाटात बसते. दुसऱ्याचे पैसे विनाकारण जातात आणि गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहते. कर्जाचा हप्ता मात्र उभा राहत नाही.

आम्ही जन्मभर शाळेत शिकवले. यंत्राची परीक्षा आम्ही दिलेली नाही. पण आमच्या रात्रीच्या वर्गाला ट्रकवाले, क्लिनर आणि मिस्त्री येत. त्यांच्याकडून आम्ही जे ऐकले आणि पुस्तकाशी ताडून पाहिले, तेच इथे लिहितो.

आवाज केव्हा सुरू झाला हे सगळेच सांगतात. तो केव्हा थांबला ते आधी बघावे. आणि तो थांबला त्याच घडीला गाडीत दुसरे काय झाले, तेही बघावे. कारण तिथेच सापडते.

पहिले कारण तेलाचे. डिझेल नव्हे, इंजिन ऑइल. क्रँक ज्या बेरिंगांत फिरतो, त्या दोघांच्या मध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीत ऑइल भरलेले असते. इंजिन चालू असताना लोखंड लोखंडावर घासत नाही, ते ऑइलवर तरंगते म्हणा ना. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल ओघळून खाली चेंबरात जमते. सकाळी सेल्फ मारला की पंप ते पुन्हा वर ढकलतो. ते बेरिंगापर्यंत पोचेस्तोवर दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात जुने, थोडे झिजलेले इंजिन खडखडते. ऑइलच्या मीटरचा काटा वर चढला आणि खडखड थांबली, तर दोघांचा संबंध आहे असे समजावे.

दोन-तीन सेकंदांचा आवाज जुन्या गाडीत चालण्यासारखा आहे. ऑइल बदलल्यावर फिल्टर रिकामा असतो, त्या दिवशी आणखी थोडा वेळ लागतो. पण जो आवाज मागच्या महिन्यात दोन सेकंद होता तो आता सहा-सात सेकंद राहतो, तर काहीतरी बदलले आहे. आधी गाडी सपाट जागी उभी करून ऑइलची पट्टी बघावी. ऑइल कमी आहे का? बोटावर घेऊन वास घ्यावा. डिझेलचा वास येतो का? डिझेल मिसळले की ऑइल पातळ होते. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर आत पाणी शिरले आहे, मग गाडी हलवूच नये.

नंतर फिल्टर. पुष्कळ फिल्टरांत एक लहान रबरी झडप असते. गाडी बंद झाल्यावर फिल्टरातले ऑइल मागे ओघळू नये म्हणून ती अडवून धरते. स्वस्तातल्या नकली फिल्टरात ही झडप कडक होते किंवा नीट बसतच नाही. मग फिल्टर रोज रात्री रिकामा होतो आणि रोज सकाळी इंजिन कोरडे फिरते. थोड्या पैशांच्या फिल्टरापायी क्रँक खराब करण्यात काय हशील आहे?

काही मालक आवाज दाबायला जाड ऑइल भरतात. आवाज थोडा दबतोही. पण जाड ऑइल गार असताना सावकाश वाहते, म्हणून सकाळी ते बेरिंगापर्यंत उशिरा पोचते. ऑइलच्या डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' असे आकडे असतात. पहिला आकडा ऑइल गार असताना कसे वाहते ते सांगतो, दुसरा गरम झाल्यावरचा जाडपणा सांगतो. ज्याला आकडे वाचता येतात त्याने डबा स्वतः वाचावा आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच ऑइल घ्यावे.

सेल्फ मारल्याबरोबर रेस देऊ नये. ऑइल पोचण्याआधी इंजिन जोरात फिरवणे म्हणजे उपाशी बैलाला चाबूक मारणे. टर्बो असलेल्या गाडीत तर हे मुळीच करू नये. आणि दहा सेकंदांत काटा वर आला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. मीटर बिघडला असेल किंवा पंप, पण ते इंजिन बंद करून शोधावे.

आता दुसरे कारण. याच्यामुळे फार लोकांची इंजिने उगाच खोलली गेली आहेत, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

हवेच्या ब्रेकच्या ट्रकात एक लहान कॉम्प्रेसर असतो. इंजिनच त्याला फिरवते. तो टाक्यांत हवा भरतो. रात्रभरात हवा थोडी थोडी गळून जाते, म्हणून सकाळी टाक्या रिकाम्या असतात आणि कॉम्प्रेसरला सुरुवातीपासून जोर लावावा लागतो. त्याचा पिस्टन किंवा बेरिंग झिजले असेल तर तो ठकठक करतो. टाक्या भरल्या की 'फुस्स' असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसरवरचा भार उतरतो. त्याच क्षणी ठकठकही बंद होते किंवा अगदी हलकी होते. कॉम्प्रेसर इंजिनालाच चिकटलेला असल्यामुळे ती ठकठक क्रँकमधून आल्यासारखी वाटते.

आमच्या वर्गातल्या एका गाडीमालकाला एका गॅरेजात सांगितले होते की बेरिंग गेले, हाफ इंजिन करावे लागेल. त्याच्याकडे ही एकच गाडी. त्याचा क्लिनर आमच्याकडे अक्षरे गिरवत होता. आम्ही त्याला म्हटले, "बाळा, चार दिवस घड्याळ बघ आणि वहीत लिही." त्याने लिहिले ते असे:

सोमवार. पहाटे ५. गार इंजिन. ठकठक ४ मिनिटे. फुस्स झाले, थांबली.
मंगळवार. पहाटे ५. ठकठक ४ मिनिटे. फुस्स झाले, थांबली.
मंगळवार. दुपारी १. गरम इंजिन. हवा भरलेली. ठकठक नाही.
बुधवार. दुपारी २. गरम इंजिन. टाकीची हवा सोडली. ठकठक आली. फुस्स, थांबली.

बुधवारची ओळ महत्त्वाची आहे. इंजिन गरम होते, ऑइलही वर पोचलेले होते. तरी टाकी रिकामी करताच आवाज आला. मग बेरिंगचा दोष कसा? मालकाने ही वही दुसऱ्या मिस्त्रीपुढे ठेवली. कॉम्प्रेसर उतरवला, दुरुस्त केला, आवाज गेला. इंजिनाला पान्हा लागला नाही.

ही परीक्षा करताना गाडी सपाट जागी असावी, न्यूट्रलमध्ये असावी, आणि चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावलेले असावेत. हवा नसलेली गाडी विश्वासाची नसते.

काही आवाज ना ऑइलच्या काट्याबरोबर थांबतात ना हवेबरोबर. ते इंजिन ऊबदार झाले की थांबतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि त्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. हवा आणि लोखंड गार असले की फवारा पेटायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात जास्त डिझेल जमते आणि सगळे एकदम पेटते. त्याचाच तो कडकड आवाज. मुंबईच्या हवेत तो फार वेळ राहत नाही. तीच गाडी जानेवारीत इगतपुरीला रात्रभर उभी राहिली तर जास्त वेळ कडकडते. तेवढ्याने घाबरू नये. पण गोवंडीत, मे महिन्यातही ती पाच-पाच मिनिटे कडकडून पांढरा धूर सोडू लागली, तर नोजल आणि पंप तपासून घ्यावेत.

झिजलेल्या लायनरमध्ये गार पिस्टन इकडून तिकडे आपटतो. त्याचा आवाज पोकळ, भांड्यावर थाप मारल्यासारखा येतो. पिस्टन तापून फुगला की फट कमी होते आणि आवाज जातो. अशी गाडी काळजीने वापरली तर बराच काळ काम देते. ऑइल किती पिते ते मात्र लिहून ठेवावे.

मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटले तर टिकटिक येते आणि लोखंड तापून फट मिटली की थांबते. पुष्कळ जण याला टॅपेट समजतात. सांध्याजवळ काजळीचा काळा डाग बघावा, म्हणजे उलगडा होतो. हा धूर केबिनमध्ये शिरतो आणि विषारी असतो, म्हणून पॅकिंग लवकर बदलावे.

बेल्टची किंकाळी आणि सेल्फची करकर ही सर्वांच्या ओळखीची आहेत, त्यांवर जास्त लिहीत नाही.

मोटारीच्या मिस्त्रीचा सल्ला ट्रकला जसाच्या तसा लावू नये. पुष्कळ मोटारींत टायमिंगची साखळी असते आणि ती सुरू होताना खणखणते. टाटांच्या जुन्या ट्रकांत साखळी नाही, दात्यांची चाके आहेत. टाटांनी १९५४ साली जमशेदपूरला जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या साहाय्याने ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला, पण त्या घडणीची इंजिने पुढे पुष्कळ वर्षे निघत राहिली. तुमच्या इंजिनाचा नंबर ६९७ असेल तर त्यातला ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९७ मिलिमीटर. या इंजिनात टॅपेटची फट हाताने बसवावी लागते. ती वाढली तर टॅपेट दिवसभर टिकटिकतात, नुसते सकाळी नव्हे.

आणि एक आवाज अगदी उलट वागतो. सकाळी कमी असतो, इंजिन तापले की वाढतो, भार घेऊन चढ चढताना जड हातोड्यासारखा ठोकतो, आणि ऑइलचा काटाही खाली येतो. ऑइल तापून पातळ झाले आणि बेरिंगची झिजलेली फट उघडी पडली, असा त्याचा अर्थ. ही गाडी ओढून न्यावी, चालवत नेऊ नये. एकेका नोजलची नळी सैल करून कोणता सिलिंडर ठोकतो हे मिस्त्री ओळखतात. ते काम त्यांचेच. त्या डिझेलची धार कातडीत घुसते. १ एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत तर नळीला हातही लावू नये, तिथला दाब फारच मोठा असतो.

आता वही काढा. एका पानावर सहा रकाने आखा: वार, वेळ, इंजिन गार की गरम, आवाज किती सेकंद, ऑइलचा काटा केव्हा चढला, हवा केव्हा भरली. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीजवळ पाच सकाळी उभे राहून हे रकाने भरा. पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर उभे राहा, गळ्यात उपरणे किंवा मफलर नको. भरलेले पान गॅरेजात न्या आणि मिस्त्रीला आधी ते वाचून दाखवा.