मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचणारे अमायलॉईड : एक अभ्यास

आपल्या नगर जिल्ह्यात साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे आता घरोघर दिसतात. मागच्या पिढीच्या वाट्याला हे सुख फारसे आले नव्हते. आयुर्मान वाढले, तसे उतारवयाचे आजारही वाढले. रक्तदाब, साखर ही नावे आता सर्वांच्या तोंडी आहेत. परंतु ज्याचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नाही अशा एका विकाराची माहिती सभासद बंधु-भगिनींना व विद्यार्थी मित्रांना व्हावी, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

राहुरी तालुक्यात आमच्या नात्यातील एक आजी आहेत. वय 78, बी.पी. कधी फारसा चढलेला नाही. एके दिवशी सकाळी चहा घेताना त्यांचे डोके एकाएकी ठणकू लागले, उलटी झाली आणि डावीकडचे दिसेनासे झाले. शेजाऱ्यांनी ‘वारं गेलं’ असे निदान करून टाकले. कोणी तरी अंगाला कबुतराचे रक्त चोळायलाही सुचविले. जवळच्या एका दवाखान्यात रक्त पातळ करण्याची गोळी दिली गेली, मात्र डोक्याचा स्कॅन झाला नव्हता. सायंकाळी नगरला सी.टी. स्कॅन काढला, तेव्हा मेंदूच्या मागील उजव्या भागात रक्तस्राव झालेला निघाला. ती गोळी गुठळीवरची. इथे तर रक्तच सांडले होते!

तेथील डॉक्टरांनी सुनेला विचारले, “आजींच्या हाताला यापूर्वी कधी मुंग्या आल्या होत्या का?”

“हो डॉक्टरसाहेब, दोन-तीनदा. डाव्या बोटांपासून वर चढत जायच्या. पाच-दहा मिनिटांत बऱ्या व्हायच्या, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही.”

पुढे एम.आर.आय. मध्ये मेंदूच्या बाहेरच्या थरात जुन्या, बारीक रक्तस्रावांचे काळे ठिपके दिसले. डॉक्टरांनी ‘सेरेब्रल अमायलॉईड अँजिओपॅथी’ असण्याचा दाट संभव सांगितला.

अमायलॉईड म्हणजे काय? शरीरातील काही प्रथिने चुकीच्या घडीची होऊन चिवट तंतूंच्या रूपाने साचतात, त्यांना हे नाव आहे. 1854 साली जर्मन शास्त्रज्ञ व्हिरचाऊ यांनी ते रूढ केले. आयोडीन लावल्यावर या पदार्थाला स्टार्चसारखा रंग येई, म्हणून त्यांना तो स्टार्चच वाटला. नाव चुकीचे, पण चिकटले ते चिकटलेच. सुती कापड रंगविण्याचा ‘काँगो रेड’ हा रंग त्याला धरतो, व आजही सूक्ष्मदर्शकाखाली तो त्यानेच ओळखतात. 1984 साली अमेरिकेतील जॉर्ज ग्लेनर यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूवरील आवरणाच्या रक्तवाहिन्यांतून हे प्रथिन वेगळे काढले. त्यालाच बीटा अमायलॉईड म्हणतात. पुढे 1995 साली ग्लेनर स्वतःच शरीरात साचणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारच्या अमायलॉईडने वारले.

मेंदू हे प्रथिन रोजच तयार करतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीलगतच्या वाटेने बाहेरही टाकतो. वय वाढते तसा हा निचरा मंदावतो आणि प्रथिन भिंतीतच बसू लागते. तेथील स्नायूंचा थर मरत जातो. उन्हात वर्षानुवर्षे पडलेली ठिबकची नळी जशी कडक होऊन तडकते, तशी ती बारीक रोहिणी पुढे फुटते.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. रक्तदाबामुळे होणारा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या खोल गाभ्यात होतो. अमायलॉईडचा बाहेरच्या थरालगत, पुष्कळदा मागील भागात. मात्र आपल्याकडे मेंदूतील रक्तस्रावाचे मोठे कारण आजही रक्तदाब हेच आहे, हे विसरून चालणार नाही. अल्झायमर झालेल्या बहुतेकांच्या मेंदूत ही विकृती कमी-अधिक आढळते. पण ती असलेल्या प्रत्येकाला विस्मरण होतेच असे नाही. हा संसर्ग नव्हे. हॉलंडमधील काही घराण्यांत तो वंशपरंपरेने येतो, पण एरवी मुख्य कारण वयच.

पक्के निदान मेंदूचा तुकडा तपासूनच होते. जिवंतपणी एम.आर.आय. वरून अंदाज बांधण्यासाठी ‘बोस्टन निकष’ वापरतात. त्यांची सुधारित आवृत्ती 2022 साली आली.

साचलेले अमायलॉईड रक्तवाहिनीतून सुरक्षितपणे काढून टाकणारे औषध आज नाही. अल्झायमरसाठी अमेरिकेत 2023 साली पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब अमायलॉईडवरच काम करते, पण त्याने मेंदूला सूज व रक्तस्राव होऊ शकतो. आणि ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अशा आहेत त्यांना तो धोका अधिक. हाती असलेला उपाय साधा आहे, तो म्हणजे रक्तदाब काबूत ठेवणे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीच्या विश्लेषणात रक्तदाब उतरविल्याने या प्रकारचे रक्तस्राव 77 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. प्राथमिक आरोग्य केंद्रात बी.पी. मोजायला पैसे लागत नाहीत. ज्यांना एकदा असा रक्तस्राव झाला, त्यांच्यापैकी शंभरात साधारण सातजणांना दरवर्षी तो पुन्हा होतो, म्हणून गोळी चुकविणे महाग पडते.

ॲस्पिरीनबद्दल मात्र घाई नको. हृदयविकारासाठी ज्यांना ती चालू आहे त्यांनी हा लेख वाचून परस्पर बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा. पण अचानक तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचे दिसेनासे झाले, तर घरच्या घरी रक्त पातळ करण्याची गोळी देऊ नये. वेळ लिहून ठेवावी, 108 ला फोन करावा आणि सी.टी. स्कॅन असलेल्या ठिकाणीच न्यावे. गुठळी की रक्तस्राव, हे बाहेरून नुसते पाहून ओळखता येत नाही.

आमच्या त्या आजी आता काठी घेऊन अंगणात फिरतात. डावीकडचे मात्र अजून दिसत नाही. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची, म्हणून सून आता चटणीही उजवीकडेच वाढते.