एका व्यंगचित्राचा धडा

सुट्टीत सर्जापूर रोडला आत्याकडे गेलो होतो. भिंतीवर एका सडपातळ माणसाचे जुने रंगीत व्यंगचित्र होते. मला हसू आले. आत्या म्हणाली, "आधी खालचे नाव वाच."

खाली 'द बेल्स' असे छापले होते, सही 'एप'ची. एप म्हणजे चित्रकार कार्लो पेलेग्रिनी. हे चित्र १८७४ च्या डिसेंबरात लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात आले. माणूस होता नट हेन्री आयर्व्हिंग, भूमिकेच्या वेशात. १८७१ च्या 'द बेल्स' नाटकात तो माथियास झाला होता. प्रतिष्ठित माथियासने पूर्वी एका प्रवाशाचा खून केलेला असतो. आता त्याच्या कानात त्या प्रवाशाच्या बर्फगाडीच्या घंटा वाजत राहतात.

व्यंगचित्रकार नवे काही जोडत नाही, असलेलेच ठळक करतो. आयर्व्हिंगच्या चालीची आणि उच्चारांची लोक टिंगल करत. त्याच चालीबोलीतून त्याने अपराधी मन रंगमंचावर उभे केले. १८९५ मध्ये तो 'सर' झाला. हा मान मिळवणारा पहिला नट.

मित्रांनो, आमच्या हाउसमधल्या एका मुलाच्या चालीची मी नक्कल करायचो. परतल्यावर ती बंद केली. यंदाच्या नाटकासाठी त्याचे नाव मीच सुचवले आहे.