रंगाचे पाणी

आमच्या वडगावची मुले मागाचा खटखटाट ऐकतच मोठी होतात. वडगाव, शहापूर, खासबाग या भागांतील कित्येक चुली साडीवर पेटतात. पण याच वडगावच्या शिवारात बेळगावी बासमतीही पिकत आला आहे. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की त्याचे पाणी भातात शिरते. या नाल्यात शहराच्या मैल्याचा वाटा मोठा आहे, हे खरे. म्हणून रंगाच्या हौदाचा हिशेब मात्र टळत नाही. एकाच घरात एक भाऊ मागावर व दुसरा शेतावर असला, तर तक्रार करावी कोणी कोणाची?

सुती लडी रंगवण्याचेच उदाहरण घेऊ. हल्ली वापरात असलेले रिअॅक्टिव्ह रंग 1956 साली बाजारात आले. हौदात घातलेल्या या रंगाचा साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, सुतावर न बसता पाण्यात राहतो. रंग सुताकडे ओढला जावा म्हणून लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम मीठ घालतात. ते तर सगळेच्या सगळे पाण्यात उरते. शिवाय सोडा असतो, त्यामुळे पाणी खारट व दाहक होते.

असे पाणी स्वच्छ करताना प्रथम ते एका टाकीत साठवून एकसारखे करतात. मग हिराकस व चुना घालून ढवळले की रंगाचे बरेचसे कण गोळा होऊन तळाशी बसतात. वरचे पाणी निवळलेले दिसते आणि पाहणाऱ्याचे समाधान होते. फसगत होते ती येथेच! रंग गेला तरी मीठ जात नाही. डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. जमिनीला ते बरोबर कळते.

तमिळनाडूतील तिरुप्पूरने हा धडा महागात घेतला. तेथील रंगशाळांच्या खारट पाण्याने नोय्यल नदी व तिच्यावरील ओरतुपाळयम धरण बिघडले, विहिरी खारावल्या. अखेर जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगशाळा बंद करण्याचा हुकूम दिला. शेतकऱ्यांना दिलासा मिळाला, पण हजारो कामगारांचे हातचे काम गेले. नंतर पडद्यांतून पाणी गाळणे व उरलेले आटवून मीठ वेगळे काढणे हा मार्ग धरावा लागला. तो खर्चाचा आहे. एकट्या लहान रंगाऱ्याला तो झेपत नाही. म्हणून सामाईक शुद्धीकरण केंद्राची गरज पडते.

तोवर एक गोष्ट लहान रंगाऱ्याच्याही हाती आहे. पहिल्या हौदाचे पाणी थोडे, पण जवळजवळ सारे मीठ त्यातच असते. नंतरच्या धुण्याचे पाणी पुष्कळ आणि बरेच सौम्य. दोन्ही एकाच मोरीत सोडली की सगळेच पाणी वाया जाते. वेगळी ठेवली, तर शेवटच्या धुण्याचे पाणी पुढच्या लडींच्या पहिल्या धुण्यास चालते.

तळाच्या गाळाचे काय? 2016 च्या नियमांप्रमाणे तो घातक कचऱ्यात मोडतो व मंडळाने मान्य केलेल्या जागीच द्यावा लागतो. आम्ही मात्र असला गाळ गोणीत भरून बांधावर टाकलेला पाहिला आहे. मृगाचा पहिला पाऊस त्याला पुन्हा पाण्यात आणतो. निदान वाहून नेईपर्यंत तरी तो पक्क्या फरशीवर, छपराखाली ठेवावा.